पेडणे तालुक्याचे मतदारसंघ : प्रतिनिधित्वाचा एक इतिहास

गोव्याच्या विधानसभेचा इतिहास लिहिताना आपले लेखक बहुधा पणजीपासून प्रारंभ करतात. मंत्रिमंडळे कशी आली आणि कशी गेली, कोणत्या पक्षाने कोणाशी हातमिळवणी केली, यांची नोंद त्यांत विपुल असते. परंतु ज्या मतदारसंघांतून हे प्रतिनिधी निवडून आले त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मतदारसंघ म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेघ, एवढीच त्याची किंमत समजली जाते. आमच्या मते ही दृष्टी अपुरी आहे. ती रेघ कोठून गेली, तिच्या आत कोण आले, कोण बाहेर राहिले आणि त्या माणसांनी आपल्या मताचे काय केले, यांत एका प्रदेशाचे सारे सामाजिक चरित्र सामावलेले असते. म्हणून या लेखात आम्ही गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे तालुका घेतला आहे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधील हा चिंचोळा मुलूख. विधानसभेच्या यादीत मांद्रे हा पहिला आणि पेडणे हा दुसरा मतदारसंघ आहे. गोव्याच्या मतदारांची मोजणीच येथून सुरू होते.

पेडणे ही नवी काबिजाद. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकात स्थिर झाला; पेडणे त्यांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८८ मध्ये. हे अंतर केवळ दोन-अडीच शतकांचे नव्हे. जुन्या काबिजादीत धर्मांतर झाले, देवळे मोडली, भाषा आणि पोशाख बदलले. नवी काबिजाद घेताना मात्र रयतेचा धर्म आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही, असे धोरण पोर्तुगीजांनी पत्करले. त्यामुळे पेडण्यात देवळे राहिली, कीर्तने राहिली, दशावतार राहिला आणि मराठी पोथी वाचणारा पुराणिकही राहिला. पण ज्यांचे सारे राहिले, त्यांना राज्यकारभारात मात्र वाटा मिळाला नाही. या विसंगतीचा धागा पुढच्या सर्व इतिहासात दिसतो.

पोर्तुगालमध्ये १८२० साली उदारमतवाद्यांची क्रांती झाली आणि तिचे पडसाद १८२१ मध्ये गोव्यात उमटले. लिस्बनच्या संसदेसाठी १८२२ साली गोव्यातून तीन प्रतिनिधी निवडले गेले : बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह, कोंस्तांसियु रोक द कोश्त आणि आंतोनियु जुझे द लीम लैतांव. यांपैकी पहिले दोघे गोव्याचे सुपुत्र, तिसरा पोर्तुगीज. आशियातील एका वसाहतीतून युरोपातील संसदेत प्रतिनिधी जावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. महाराष्ट्रात पेशवाई बुडून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती आणि कायदेमंडळ हा शब्दही आपल्याकडे कोणी ऐकला नव्हता. तथापि हे प्रतिनिधित्व कोणाचे? मत देण्याचा अधिकार उत्पन्न, कर आणि साक्षरता यांच्या मोजपट्टीने ठरत असे, आणि ती मोजपट्टी जुन्या काबिजादीतील ख्रिस्ती उच्चवर्णीयांच्या मापाची होती. पेडण्याच्या कुळाला लिस्बनमधील संसदेचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

योगायोग असा, की या पहिल्या प्रतिनिधीच्या दुर्दैवी कहाणीचा एक रक्तरंजित प्रसंग पेडणे तालुक्याच्या भूमीवरच घडला. पेरिश द सिल्व्ह यांनी १८३५ मध्ये गोव्याच्या सर्वोच्च अधिकारपदाची सूत्रे हाती घेतली. त्या जागी बसलेला पोर्तुगीज अंमलातील हा एकमेव गोमंतकीय. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना आणि मिश्र वंशाच्या वजनदार कुटुंबांना ते सहन झाले नाही. अवघ्या सतरा दिवसांत त्यांना पदच्युत करून हाकलण्यात आले आणि त्यांच्या पक्षाच्या शिबंदीची तेरेखोलच्या किल्ल्यात कत्तल झाली. आज तेरेखोलला जाणारे प्रवासी नदीचे मुख आणि समुद्र पाहून परततात. गोव्यातल्या माणसाने गोव्याचा कारभार पाहावा, या कल्पनेसाठी त्या तटाच्या आत माणसे मारली गेली, हे त्यांच्या कानी क्वचितच पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांसिश्कु लुईश गोमिश यांच्यासारखा थोर वक्ता गोव्याच्या वतीने लिस्बनच्या संसदेत बोलला. त्यांची विद्वत्ता आणि निष्ठा यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्याच शतकात निवडणुकीचे स्थानिक स्वरूप कसे होते, ते २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात दिसले. निवडणुकीच्या दंग्यात सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे ठार झाली. नव्या काबिजादीतील हिंदूंना बरोबरीच्या नागरिकत्वाची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत हिंदू समाजात शाळा, ग्रंथालये आणि वृत्तपत्रे यांची जी चळवळ उभी राहिली, ती त्या मोकळ्या हवेचे फळ होय. १९२६ मध्ये लिस्बनमध्ये हुकूमशाही आली आणि ती हवा कोंडली. सालाझारच्या राजवटीत निवडणुका होत. पण उमेदवार आणि निकाल दोन्ही अगोदर ठरलेले असत. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. येथून आमच्या विषयाचा खरा गाभा सुरू होतो. १९६२ च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि गोव्यात प्रथमच प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले. १९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेशांचा कायदा होऊन गोवा, दमण व दीव यांसाठी तीस सभासदांची विधानसभा ठरली : गोव्याचे अठ्ठावीस, दमणचा एक आणि दीवचा एक. पेडणे तालुक्याच्या वाट्याला मांद्रे आणि पेडणे असे दोन मतदारसंघ आले. जी माणसे एकशे पंचाहत्तर वर्षे कोणाच्याच मोजणीत नव्हती, त्यांना एकाच वेळी दोन आमदार मिळाले.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला चौदा जागा आणि युनायटेड गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही; तिची एकुलती एक जागा दमणची. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला, त्या पक्षाला मुक्त झालेल्या जनतेने दोन वर्षांत असे रिकाम्या हाती परत पाठवावे, याचे दिल्लीत मोठे आश्चर्य वाटले. ज्यांना नवी काबिजाद ठाऊक होती त्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते. तेथे निवडणूक पक्षांची नव्हतीच. ती भाटकार आणि कूळ-मुंडकार यांच्यातील होती. पेडण्यात जमिनीचा मोठा भाग जमीनदार घराण्यांच्या हाती होता आणि कुळाचे घर ज्या जमिनीवर उभे असे, तीही त्याची नसे. भाटकाराने 'ऊठ' म्हटले तर बिऱ्हाड उचलावे लागे. अशा माणसाला गुप्त मतपेटी मिळणे ही केवळ राजकीय घटना नव्हती. भाटकाराला न दिसता त्याने आयुष्यात केलेली ती पहिली मोठी गोष्ट असावी.

मगो पक्षाचे नेते दयानंद बांदोडकर यांचा जन्म पेडण्याचाच. ते बहुजन समाजातले, खाणमालक आणि हाताचे सढळ. १९६३ च्या निवडणुकीत ते स्वतः उमेदवार नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद स्वीकारले आणि मागाहून पोटनिवडणुकीने ते सभागृहात आले. पुढे त्यांचा मतदारसंघ मडकई हा राहिला. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीतील आदिलशाही राजवाड्यात पहिली विधानसभा भरली आणि पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर हे तिचे सभापती झाले. कूळ कायदा १९६४ साली आला. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शिक्षकाच्या पेशातील आम्हा मंडळींना या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पेडण्यातील अनेक घरांत पहिला साक्षर माणूस याच शाळांतून निघाला.

आता आम्ही त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. विलीनीकरणाचा ठराव विधानसभेने बहुमताने करावा आणि गोवा महाराष्ट्रात सामील व्हावा, अशी मगो पक्षाची भूमिका होती. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे, की एवढा मोठा निर्णय आमदारांच्या बहुमताने करणे योग्य नाही. तो सर्व जनतेला प्रत्यक्ष विचारावा. आमच्या मते दोन्ही भूमिकांत तथ्य होते. निवडून दिलेला प्रतिनिधी आपल्या मतदारांच्या वतीने बोलतो, हे एक तत्त्व. काही प्रश्न असे असतात की ते प्रतिनिधीच्या हाती सोपवता येत नाहीत, हे दुसरे. त्या काळच्या आपल्या मराठी वृत्तपत्रांनी दुसऱ्या तत्त्वाची केवळ टवाळी केली. ते आम्हांस योग्य वाटत नाही.

१९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत, राहणाऱ्या गोमंतकीयांना मत मिळावे ही मागणी मान्य झाली नाही. मतदारयादीत ३,८८,४३२ नावे होती. ३,१७,६३३ लोकांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली; ७,२७२ मते बाद झाली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा स्वतंत्र राहिला. पेडणे तालुक्याचा कौल विलीनीकरणाच्या बाजूचा होता. डिचोली, सत्तरी आणि फोंडा या नव्या काबिजादीतील तालुक्यांचाही कल तिकडेच होता. पण साष्टी, बारदेश, तिसवाडी आणि मुरगाव यांनी तराजू फिरवला.

लगेच २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. मतदारयादी तीच, माणसे तीच, मधे जेमतेम दहा आठवडे गेलेले. आणि निकाल? ज्या पक्षाची मुख्य मागणी जनतेने नुकतीच फेटाळली होती, त्या मगो पक्षाला सोळा जागा. युनायटेड गोवन्सला पुन्हा बाराच. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या दोन निकालांचा मेळ कसा घालावयाचा? येथे मतदारसंघाची रेघ कामी येते. जनमत कौलात प्रत्येक मत एकाच मोठ्या राशीत पडते. साष्टीतील एखाद्या गावात शेकडा नव्वद मते एका बाजूला पडली, तर ती सर्वच्या सर्व मोजली जातात. विधानसभेच्या निवडणुकीत तसे नाही. तेथे उमेदवाराला आपल्या मतदारसंघात एक मत अधिक मिळाले तरी पुरे. त्यावरची हजारो मते निरुपयोगी ठरतात. साष्टीत युनायटेड गोवन्सची मते डोंगरासारखी साचली, पण त्यांच्या जागा वाढल्या नाहीत. नव्या काबिजादीत मगो पक्षाची मते अनेक मतदारसंघांवर बेताबेताने पसरली होती आणि प्रत्येक ठिकाणी ती पुरली. हा झाला गणिताचा भाग. पण एवढ्यानेच सारे उलगडत नाही. फूल नाकारणाऱ्या हिंदू मतदारांपैकी पुष्कळांनी सिंह या मगोच्या चिन्हाला मत दिले असले पाहिजे. त्यांना बांदोडकरांचे राज्य हवे होते, महाराष्ट्राचे नको होते. अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली, त्या मतदारांनी दोन प्रश्नांची दोन निराळी उत्तरे दिली. इयत्ता दहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही हे उदाहरण अनेकदा सांगतो. प्रतिनिधी निवडणे आणि प्रश्नाचा निकाल लावणे या दोन गोष्टींतील फरक याहून स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण भारताच्या इतिहासात शोधणे कठीण आहे.

पेडण्याच्या दृष्टीने या निकालाला आणखी एक बाजू आहे. या तालुक्याने जे मागितले ते त्याला मिळाले नाही. परंतु ज्यांना सत्तेवर आणले ते सत्तेवर राहिले. विलीनीकरण झाले असते तर मांद्रे आणि पेडणे हे मुंबईच्या विधानसभेतील एका मोठ्या मतदारसंघाचे कोपरे झाले असते. १९६७ मध्ये गोव्यात सरासरी चौदा हजारांच्या आतबाहेर मतदारांना एक आमदार होता. महाराष्ट्रात तेवढ्या मतदारांना आमदाराचा एक लहानसा अंशच आला असता. मराठीवरील प्रेमामुळे विलीनीकरणाकडे ओढले जाणाऱ्या पेडणेकराला त्या वेळी हा हिशेब सुचला नाही, किंवा सुचूनही त्याने तो बाजूला ठेवला. आम्हांस दुसरी गोष्ट अधिक संभाव्य वाटते.

पुढील घडामोडी थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये मगो पक्षाला अठरा जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर निवर्तले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७९ च्या एप्रिलमध्ये पक्षातील फुटीमुळे त्यांचे सरकार पडले. १९८० च्या निवडणुकीत मगो पक्ष सात जागांवर आला आणि त्यानंतर श्रीमती काकोडकर स्वतः काँग्रेसमध्ये गेल्या. त्या पडत्या काळात पक्षाची धुगधुगी मांद्रे मतदारसंघाने टिकवली. तेथून १९७७ पासून निवडून येणारे रमाकांत खलप यांनी पक्ष सोडण्यास नकार दिला. १९८९ साली त्याच पक्षाचे अठरा आमदार आले, त्यामागे हा हट्ट होता. खलप पुढे १९९६ मध्ये लोकसभेवर गेले आणि केंद्रात विधी खात्याचे राज्यमंत्री झाले. ते मागाहून काँग्रेसवासी झाले, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या. १९८९ च्या निवडणुकीपासून पेडणे तालुक्यात धारगळ हा तिसरा मतदारसंघ आला. तीन आमदारांचा हा काळ दोन दशकांहून थोडा अधिक टिकला. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या फेररचनेत धारगळ पुसला गेला आणि २०१२ च्या निवडणुकीपासून तालुका पुन्हा दोन मतदारसंघांवर आला. तालुक्यात यावर नाराजी होती, पण गणित निष्ठुर होते. २००१ मध्ये गोव्याची लोकसंख्या १३,४७,६६८ होती. चाळीस जागांनी भागल्यास एका जागेला सुमारे ३३,७०० माणसे येतात. पेडण्याची लोकसंख्या बहात्तर हजारांच्या घरात. म्हणजे दोन जागा आणि वर थोडे. मुरगाव आणि साष्टीकडे बाहेरून वस्ती येत राहिली, पेडण्यातील तरुण नोकरीसाठी म्हापसा, पणजी, मुंबईकडे जात राहिले. जी माणसे गेली त्यांच्याबरोबर एक आमदारही गेला.

धारगळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. तो गेल्यावर राखीवपण पेडणे मतदारसंघाकडे आले. आज गोव्यातील चाळीस जागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव अशी ही एकच जागा आहे. २०१२ मध्ये येथून राजेंद्र आर्लेकर निवडून आले, विधानसभेचे सभापती झाले आणि पुढे राज्यपालपदापर्यंत पोहोचले. ज्या गावच्या जमीनदार घराण्याला पोर्तुगीज राजाने व्हिस्काउंट हा किताब दिला होता, आणि ज्या घराण्याचे जितेंद्र देशप्रभू काँग्रेसच्या वतीने येथून विधानसभेत गेले होते, त्याच गावाच्या नावाच्या मतदारसंघात आता दलित समाजाचाच माणूस उभा राहू शकतो. १९६३ च्या मतपेटीने जे सुरू केले, त्याचे हे पुढचे पाऊल होय, असे आम्ही मानतो. मात्र निवडून आलेल्यांनी त्या जागेचा मान सदैव राखला असे म्हणवत नाही. २०१७ मध्ये मगोच्या चिन्हावर पेडण्यातून निवडून आलेले मनोहर आजगावकर २०१९ च्या मार्चमध्ये आणखी एका सहकाऱ्यासह भारतीय जनता पक्षात विलीन झाले आणि उपमुख्यमंत्री झाले. २०२२ ची निवडणूक त्यांनी मडगावातून लढवली.

मांद्रेनेही याच वर्षांत कमी पाहिले नाही. येथील आमदार लक्ष्मीकांत पार्सेकर १९१४ मध्ये नव्हे, तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत, २०१४ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले आणि २०१७ मध्ये मुख्यमंत्री असतानाच आपल्या मतदारसंघात पराभूत झाले. त्यांना हरवणारे काँग्रेसचे दयानंद सोपटे यांनी २०१८ च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन पक्ष बदलला आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत ते भारतीय जनता पक्षाकडून पुन्हा निवडून आले. २०२२ मध्ये मांद्रेकरांनी त्यांनाही घरी बसवले आणि जित आरोलकर यांना निवडले. मगो पक्षाला त्या वर्षी साऱ्या गोव्यात दोनच जागा मिळाल्या. एक मडकई, बांदोडकरांचा मतदारसंघ, दुसरा मांद्रे.

आता दोन गोष्टी पुढे उभ्या आहेत. पहिली अनुसूचित जमातींची. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा २००३ मध्ये जमातींच्या यादीत समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत गोव्यात त्यांची संख्या १,४९,२७५ भरली, अनुसूचित जातींची २५,४४९. म्हणजे पंचवीस हजारांना एक राखीव जागा आणि दीड लाखांना एकही नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांना चार जागा यावयास हव्यात. यासाठीचे विधेयक संसदेने २०२५ च्या ऑगस्टात संमत केले. या चार जागा प्रामुख्याने दक्षिणेच्या बाजूस पडाव्यात असा आमचा तर्क आहे. पण एका ठिकाणची रेघ हलली की शेजारची हलल्यावाचून राहत नाही.

दुसरी गोष्ट २०२६ नंतरच्या जनगणनेची. त्या जनगणनेनंतर मतदारसंघांची नवी फेररचना व्हावयाची आहे. मधल्या काळात पेडणे तालुक्यात मोप येथे विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पुढच्या जानेवारीत विमाने उतरू लागली. हरमल, मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यावर वस्ती वाढली, पठारावरच्या जमिनींचे भाव चढले. बाहेरून येणारा माणूस आता म्हापशापाशी थांबत नाही, शापोरा ओलांडून पलीकडे येतो. तालुक्याची संख्या वाढली तर धारगळ कदाचित परत येईल. पण तो आला, तर त्या रेघेच्या आत राहणारे मतदार १९६३ च्या कुळांचे नातू असतील, की त्या कुळांनी विकलेल्या जमिनीवर घरे बांधणारे असतील, हे वारखंड, मोप आणि धारगळ येथील मतदारयाद्या नव्याने होतील तेव्हा दिसेल.